मॅक्लीन काउंटीचा मका, आमच्या गावचं सोयाबीन: भाव पडल्यावरची सरकारी मदत नेमकी कोणाची?

मक्याच्या_रानात

नमस्कार मंडळी. हा विषय बरेच दिवस मनात होता. आज लिहायला बसलो, कारण काल फोनवर बाबांशी वाद झाला. कशावरून ते शेवटी सांगतो. आधी इथलं सांगतो, कारण इथलं पाहिल्यावरच मला घरचं नीट कळलं.

मी अमेरिकेत इलिनॉय राज्यात ब्लूमिंग्टनला राहतो. नोकरी संगणकावरची. पण शहर संपलं की दहा मिनिटांत रस्त्याच्या दोन्ही अंगांना मका नाहीतर सोयाबीन, तिसरं पीक शोधावं लागतं. ही मॅक्लीन काउंटी. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी, पण लहान. ही मात्र क्षेत्रफळानं इलिनॉयमधली सर्वांत मोठी आणि मक्याच्या उत्पादनात सबंध देशात वरच्या ओळीत. मक्याचा उतारा एकरी २०० बुशेलच्या पुढे. मक्याचा बुशेल २५.४ किलोचा, म्हणजे एकरी ५० क्विंटल झाले. सोयाबीन ६० बुशेल धरा. त्याचा बुशेल २७.२ किलोचा, म्हणजे एकरी १६ क्विंटल. आमच्या लातूरकडे पाऊसपाणी जमून आलं तर सहा-सात.

मुलीच्या वर्गमैत्रिणीचे वडील शेतकरी आहेत. मागच्या सुगीत त्यांच्यासोबत एलिव्हेटरवर गेलो होतो. एलिव्हेटर म्हणजे धान्याची उंच कोठारं, माल तिथेच विकला जातो. ट्रक काट्यावर उभा राहिला, वरून एक लोखंडी हात आला, त्याची पोकळ नळी धान्यात घुसली, नमुना ओढून घेतला आणि मिनिटाभरात ओलाव्याची पावती बाहेर. ट्रक अजून रिकामा व्हायचा होता. कुणी मूठभर दाणे हातात घेऊन नाक मुरडलं नाही. मला तिथेच भरून आलं, कारण भिजलेलं सोयाबीन अडतीवर नेल्यावर बाबांचा चेहरा कसा व्हायचा ते मी लहानपणी पाहिलंय.

मी विचारलं, "आता हाच तुमचा भाव?" ते म्हणाले, बाजाराचा भाव हाच, पण काउंटीचा हिशेब पुढच्या ऑक्टोबरात.

काउंटीचा हिशेब म्हणजे काय, तर २०१४ च्या शेती कायद्यानं इथे दोन योजना आणल्या. पहिली पीएलसी: सरकार पिकाचा एक संदर्भ भाव ठरवतं, वर्षभराचा सरासरी बाजारभाव त्याखाली गेला तर फरक देतं. दुसरी एआरसी, ती बहुतेक ठिकाणी काउंटीवार चालते. तुमच्या काउंटीत मागच्या पाच वर्षांत एकरी सरासरी किती पिकलं आणि काय भाव मिळाला (सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात वाईट वर्ष सोडून), त्यांचा गुणाकार हा पाया. समजा पाया एकरी १,००० डॉलर. हमी ९० टक्क्यांची, म्हणजे ९००. यंदा काउंटीत २०० बुशेल पिकलं आणि भाव ४.२० निघाला, तर उत्पन्न ८४०. तूट ६० डॉलर. पायाच्या १२ टक्क्यांपर्यंतची तूट भरून मिळते, म्हणजे ६० बसले. पण ती देतात ८५ टक्के क्षेत्रावरच, म्हणून हातात एकरी ५१. हमी आधी ८६ टक्के होती आणि तुटीची मर्यादा १० टक्के. २०२५ च्या जुलैत आलेल्या कायद्यानं दोन्ही वाढवलं.

यात दोन गोष्टी मला खटकल्या. एक, पैसे मिळतात ते 'बेस एकर'वर, म्हणजे त्या जमिनीवर फार पूर्वी काय पेरलं जायचं त्या जुन्या नोंदीवर. आज रानात सोयाबीन उभं असलं तरी कागदावर मका असेल तर मदत मक्याची. दोन, माझ्या या शेतकरी मित्राची स्वतःची जमीन थोडी, बाकी सगळी खंडानं घेतलेली. एक मालकीण नव्वदीच्या घरातल्या, राहतात फ्लोरिडात. रोख खंड असेल तर कायद्यानं सरकारी मदत पूर्णपणे कसणाऱ्याला मिळते. पण त्याचं म्हणणं, मदत जाहीर झाली की पुढच्या वर्षीच्या खंडाच्या बोलणीत ती डोकावतेच. चांगल्या जमिनीचा खंड आधीच एकरी ३०० डॉलरच्या पुढे. "चेक माझ्या नावाचा येतो, पण तो माझ्याकडे मुक्कामाला नसतो," असं तो म्हणाला.

आता घरचं. आमची सात एकर, त्यातली पाच सोयाबीनला. बाबा थकले, म्हणून तीन वर्षांपासून गावातल्याच एकाला अर्धेलीनं दिलीय. बी-खत निम्मं, माल निम्मा, राबणं त्याचं. २०२३ च्या खरिपासाठी राज्य सरकारनं सोयाबीन-कापसाला हेक्टरी ५,००० रुपये दिले, दोन हेक्टरच्या मर्यादेत. पाच एकर म्हणजे दोन हेक्टर, बाबांच्या खात्यावर १०,००० आले. ई-पीक पाहणीचा (मोबाईलवरून करायच्या पिकाच्या सरकारी नोंदीचा) फोटो काढायला बाबांना चालवत नाही म्हणून त्या बटईदारानंच रानात उभं राहून स्वतःच्या मोबाईलवर काढला होता. नोंद बाबांच्या नावाची, पैसे बाबांचे. त्याला एक रुपया गेला नाही, आणि हे मला आत्ता कळलं. बाबांशी वाद झाला तो यावरूनच.

तुमच्याकडे काय रीत आहे, ते सांगा.

काळी_माती

चांगला धागा काढलात. मी औसा भागातला, नऊ एकर घरची, चार बटईनं करतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलू शकतो.

आमच्याकडची रीत सरळ आहे: पैसा सातबाऱ्याचा. मदत असो, विमा असो, पीएम किसान असो. बटईदार मागत नाही, कारण मागितलं तर पुढच्या वर्षी रान मिळणार नाही. मी ज्यांची चार एकर करतो त्यांनी मला त्या अनुदानातलं काही दिलं नाही आणि मीही विचारलं नाही. तुमचं वाचून पहिल्यांदा वाटलं, विचारायला हवं होतं.

आणि त्या ५,००० चा हिशेब पण मांडा. हेक्टरी ५,००० म्हणजे एकरी २,०००. एकरी सहा क्विंटल झालं असेल तर क्विंटलमागं ३३३ रुपये. पेरलं २०२३ च्या जूनमधी, पैसे यायला लागले २०२४ च्या सप्टेंबरअखेर. तुमच्याकडं पुढच्या ऑक्टोबरात मिळतात म्हणालात, म्हणजे उशिराच्या बाबतीत दोन्ही सरकारं सारखीच. फरक एवढाच की तुमच्या शेतकऱ्याला सूत्र आधी माहीत असतं. आम्हाला निवडणूक कधी आहे ते बघावं लागतं.

हमीभावाचं म्हणाल तर २०२४-२५ ला ४,८९२ होता आणि दिवाळीच्या आधी आम्ही ४,१००-४,२०० नी घातलं. २०२५-२६ ला ५,३२८. सरकारी केंद्रावर न्यायचं म्हणलं तर आधी ऑनलाइन नोंदणी, मग मेसेजची वाट, मग ओलावा बारा टक्क्यांच्या आत पाहिजे. २०२४ ला नोव्हेंबरात तो पंधरापर्यंत चालेल म्हणून शिथिल केला, तोवर निम्म्या लोकांनी विकून टाकलं होतं. मग बारदाना संपला. आमच्या जवळच्या केंद्रावर मी ट्रॅक्टर लावून दोन रात्री काढल्या. ट्रॉलीवर ताडपत्री, ताडपत्रीवर मी. तिसऱ्या दिवशी बारदाना आला तेव्हा माप झालं. ज्याला दुसऱ्या दिवशी मजुराचे पैसे द्यायचेत तो कशाला थांबेल? तो अडतीवरच जातो.

वर्धेकाठ

मी पूर्ण मक्त्यानं करणारा. नावावर जमीन नाही. कापूस आणि तूर. तुम्ही लोक बटई, अर्धेली म्हणता, आमच्याकडे मक्ता. रोख पैसे आधी मोजायचे, पिकलं-बुडलं आपलं.

माझं सांगतो म्हणजे चित्र पूर्ण होईल. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर कापूस न्यायचा तर सातबारा, पेरा, आधार आणि त्याच माणसाचं बँक खातं लागतं. माझ्याकडे कापूस आहे, कागद नाही. मग दोन रस्ते. एक, खाजगी व्यापाऱ्याला पडेल त्या भावानं. दोन, मालकाच्या नावानं केंद्रावर न्यायचा, पैसे मालकाच्या खात्यात, मग त्याच्या मागे फिरायचं. मागच्या वर्षी दुसरा रस्ता धरला. मालक सज्जन आहे, पैसे दिले. पण त्याच्या खात्यावर पीक कर्ज थकलेलं होतं, बँकेनं आलेली रक्कम आधी अडवून ठेवली. माझ्या कापसाचे पैसे, त्याचं कर्ज, आणि मी बँकेच्या बाकड्यावर. बायकोनं गहाण ठेवलेली पोत सोडवायला तीन महिने लागले.

तुम्ही अमेरिकेचं लिहिलं म्हणून एक जुनी गोष्ट आठवण करून देतो. विदर्भातल्या कापसाला त्या देशाची सबसिडी नवीन नाही. त्यांच्या कापूस उत्पादकांना मिळणाऱ्या मदतीमुळे जगातला भाव पडतो अशी तक्रार ब्राझीलनं २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत केली आणि ती जिंकली. शेवटी २०१४ ला अमेरिकेनं ब्राझीलच्या कापूस संस्थेला ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. ब्राझीलला पैसे मिळाले. त्याच पडलेल्या भावात यवतमाळ-वर्ध्याच्या लोकांनीही कापूस विकला होता, आम्हाला कोण देणार? त्याच काळात आमची एकाधिकार खरेदी (सगळा कापूस राज्य सरकारनंच घ्यायचा) मोडीत निघाली होती. माझे वडील त्या खरेदीच्या चुकाऱ्यांना नावं ठेवायचे, पण गाडी घेऊन कुठं जायचं हे तरी ठरलेलं होतं.

आकडेमोड

धागाकर्त्यांचे आकडे वाचून एक तुलना करून बघितली. अमेरिकेत नव्या कायद्यानं सोयाबीनचा संदर्भ भाव ८.४० वरून १० डॉलर बुशेल केला, मक्याचा ३.७० वरून ४.१०. डॉलर ९० रुपये धरला तर सोयाबीन क्विंटलला साधारण ३,३०० रुपये होतं. मका १,४५०. आपला २०२५-२६ चा हमीभाव सोयाबीन ५,३२८ आणि मका २,४००.

म्हणजे कागदावर आपली हमी त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. तरी तिकडचा शेतकरी टिकतो याचं कारण भावात नाही. सोळा क्विंटल गुणिले ३,३०० म्हणजे एकरी सुमारे ५३,०००. आपले सहा गुणिले ५,३२८ म्हणजे ३२,०००, तेही हमीभाव खरंच मिळाला तर. वर त्यांचं क्षेत्र शेकडो एकरांत. महाराष्ट्रात सरासरी धारणा २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टर होती.

दुसरा फरक यंत्रणेचा. त्यांचा संदर्भ भाव म्हणजे 'फरक देऊ' असं वचन, माल सरकार विकत घेत नाही, त्यामुळे बारदाना, गोदाम, ग्रेडर काही लागत नाही. आपला हमीभाव म्हणजे 'विकत घेऊ' असं वचन, आणि घेण्याची ताकद मर्यादित. २०१५ च्या शांता कुमार समितीनं म्हटलं होतं की हमीभावानं सरकारला विकणारे शेतकरी जेमतेम सहा टक्के. मध्य प्रदेशानं २०१७ ला भावांतर योजना आणली, ती अमेरिकेच्या पद्धतीच्या जवळची. तिथे व्यापाऱ्यांनी योजनेच्या मुदतीतच भाव दाबले अशी ओरड झाली, कारण शेतकऱ्याला सरकार फरक देणारच आहे हे त्यांनाही माहीत होतं. २०२५ ला सोयाबीनसाठी तिथे ती पुन्हा सुरू केलीय. माझं मत, महाराष्ट्रानं हेक्टरी ठोक रक्कम देण्याऐवजी हा रस्ता नीट अभ्यासावा.

घामाचे_दाम

मी शेतकरी संघटनेच्या मुशीतला माणूस, १९८० चं चाकणचं कांदा आंदोलन वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेलं. मला या सगळ्या चर्चेत एक गोष्ट डाचते. आपण सगळे 'मदत कशी वाटावी' यावर बोलतोय. भाव पाडला कोणी, यावर कोणी बोलत नाही.

२०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांपर्यंत गेलं होतं. ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि नवा माल बाजारात येईपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास आला. २०२३ च्या ८ डिसेंबरला कांदा निर्यात बंद केली, ती उठली ४ मे २०२४ ला. त्याच २०२३ ला फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या कांद्याला राज्यानं क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, २०० क्विंटलच्या मर्यादेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, वर्षअखेरपर्यंत. वर्धेकाठ, तुमचा कापूस वेचणीला यायच्या ऐन तोंडावर. आधी हात पिरगाळायचा आणि मग मलम लावायचं, तेही ज्याचा हात पिरगाळला त्याला नाही, ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला.

'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा आम्ही घसा कोरडा होईस्तोवर दिली. ती अजून तेवढीच खरी आहे. निर्यातबंदी, साठामर्यादा, ऐनवेळची आयात हे तीन बंद करा, अनुदान तुमच्याकडेच ठेवा.

मक्याच्या_रानात

घामाचे_दाम, तुमचा मुद्दा इथेही लागू पडतो, म्हणून सांगतो. २०१८ च्या जुलैत चीननं अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावलं, कारण अमेरिकेनं आधी त्यांच्या मालावर लावलं होतं. इथला भाव कोसळला. मग सरकारनं भरपाई दिली: त्या वर्षी सोयाबीनला बुशेलमागे १.६५ डॉलर आणि मक्याला फक्त एक सेंट. पुढच्या वर्षी पद्धत बदलून काउंटीवार एकरी एकच दर लावला, कुठे १५ डॉलर, कुठे १५० पर्यंत. एकाच रस्त्याच्या अलीकडे एक काउंटी, पलीकडे दुसरी, माती एक, पाऊस एक, दर वेगळा. माझा मित्र दोन्ही काउंट्यांत शेती करतो, त्याला एकाच रात्री पेरलेल्या रानाचे दोन दर मिळाले. २०२५ ला पुन्हा तेच, चीननं कित्येक महिने खरेदी थांबवली आणि डिसेंबरात १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर झाली. मक्याला एकरी ४४ डॉलरच्या आसपास, सोयाबीनला ३१. तोही म्हणतो, "मला चेक नको, गिऱ्हाईक परत आणून द्या." तुमच्या घोषणेचा अर्थ त्याला सांगितला तेव्हा त्यानं ती कागदावर लिहून मागितली.

पण एक सांगायलाच हवं, इथली मदतही मोठ्यांकडेच जास्त जाते. एकरावर पैसे म्हटल्यावर ज्याचे एकर जास्त त्याला जास्त. माणशी मर्यादा आहे, आधी सव्वा लाख डॉलर होती, २०२५ ला १,५५,००० केली, पण कुटुंबातले दोन-तीन जण भागीदार दाखवले की ती तेवढ्या पट होते. कोणाला किती मिळाले हे इथे नावानिशी पाहता येतं, एक पर्यावरण संस्था सरकारकडून माहिती मिळवून काउंटीवार याद्या छापते. मी आमच्या काउंटीची यादी उघडून बसलो होतो. चर्चमध्ये शेजारी बसणाऱ्या माणसाचा आकडा सगळ्यांना माहीत असतो आणि तरी कुणी त्यावरून टोमणा मारत नाही, याचं मला नवल वाटलं.

आणि आता ज्यासाठी परत आलो ते. काल मी मित्राला आमच्या अर्धेलीबद्दल सांगितलं. तो म्हणाला, मध्य इलिनॉयमध्येही पूर्वी सर्रास अर्धेलीच असायची, अजून काही जण करतात: खर्च निम्मा, माल निम्मा. आणि अशा करारात सरकारी मदतही त्याच हिश्शानं वाटली जाते, फार्म सर्व्हिस एजन्सीच्या (ही मदत वाटणाऱ्या सरकारी कचेरीच्या) कागदावर दोघांची नावं आणि दोघांचे टक्के लिहिलेले असतात. ज्यानं जोखीम जितकी घेतली तितका त्याचा वाटा. मी एकदम गप्प झालो. आमच्या १०,००० पैकी ५,००० त्या माणसाचे होते.

माळरान

मी परभणीची. तुम्ही कसणाऱ्याचं बोलताय, मी मालकीणच आहे पण कागदावर अर्धीमुर्धी. मालक, म्हणजे माझे पती, गेले सहा वर्षांपूर्वी. सातबारा सामाईक, मी आणि तीन दीर. २०२४ च्या त्या अनुदानाला सामाईक खातेदारांनी बाकीच्यांची ना हरकत द्यायची होती. एक दीर पुण्यात वॉचमन, एक सुरतला. तिघांच्या सह्या, आधारच्या प्रती, कृषी सहायकाकडे तीन फेऱ्या. धाकट्या दिरानं सही दिली पण पैसे त्याच्याच खात्यावर घ्यायचे म्हणाला. शेवटी त्याच्याच खात्यावर गेले. पेरणी, खुरपणी, फवारणी मी केली. माझ्या पाठीवर पंपाच्या पट्ट्याचे वळ आहेत आणि यादीत माझं नाव नाही.

त्या अमेरिकेतल्या कागदावर दोघांची नावं, दोघांचे टक्के लिहितात, हे वाचून बराच वेळ तशीच बसले होते.

काळी_माती

ताई, माफ करा, विषय सोडून नाही, पण तुम्ही वाटपाचा अर्ज तहसीलला दिलाय का? दिला नसेल तर द्या. खातेफोड झाली की तुमच्या हिश्शाची पीक पाहणी तुमच्या नावानं होते. वेळ लागतो, पण होते.

फेरफार

महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. काळी_माती यांनी ताईंना सांगितलं ते योग्य आहे. वारस नोंद झाली असेल तर सहहिस्सेदारांच्या संमतीनं तहसीलदारांकडे वाटप होतं, संमती नसेल तर दिवाणी दावा. आधी संमतीचा प्रयत्न करा, दिरांना हे समजावा की कर्जही मग वेगवेगळं होतं.

आता बटईदाराचं नाव का येत नाही, ते सांगतो. लोक सरकारला दोष देतात, पण मूळ भीती मालकाच्या मनात आहे. मुंबई इलाख्याचा कूळ कायदा १९४८ चा, १ एप्रिल १९५७ ला कृषक दिन, कसेल त्याची जमीन. मराठवाड्याला हैदराबादचा १९५० चा कायदा, विदर्भाला १९५८ चा. त्या वेळी ज्यांच्या जमिनी कुळांकडे गेल्या त्यांच्या नातवंडांपर्यंत ती आठवण पोचली आहे. म्हणून पिकाच्या नोंदीत दुसऱ्याचं नाव म्हटलं की मालक दचकतो. मी नोकरीत असताना एका गावी पीक पाहणीला गेलो, बांधावर उभा असलेला माणूस 'मी गडी आहे' म्हणाला. सगळ्या गावाला माहीत होतं तो बटईदार आहे. त्याची बायको तिथेच निंदत होती, तिनं मान वर केली नाही. मीही गडी म्हणूनच धरलं. आज लिहिताना त्याचं वाईट वाटतं.

२०१६ ला नीती आयोगानं जमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा मांडला. मालकाची मालकी पक्की राहील आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा, मदत मिळेल, असा त्याचा गाभा. तो आपल्याकडे मनावर घेतला गेला तर वर्धेकाठ यांना बँकेच्या बाकड्यावर बसावं लागणार नाही. सूत्र अमेरिकेचं आणा नाहीतर मध्य प्रदेशचं, नोंद खोटी असेल तर पैसा चुकीच्याच दारी जाईल.

आकडेमोड

फेरफार, हे शेवटचं वाक्य मला मान्य करावं लागेल. मी वर भावांतर सुचवली, पण भावांतरलाही नोंदणी जमिनीच्या कागदावरच होते. हा भाग माझ्या डोक्यात आला नव्हता.

वर्धेकाठ

फेरफारसाहेब, तुमच्यासारखं खरं बोलणारा महसूलचा माणूस पहिल्यांदा भेटला. पण मालकाची भीती पण समजते मले. माझे दोन मालक आहेत, एक दरवर्षी रान बदलून देतो, सलग तीन वर्षं एकाच तुकड्यावर ठेवतच नाही. त्यामुळे मी शेणखत टाकत नाही. टाकून काय करू, पुढच्या वर्षी दुसरा खाईल. जमिनीचं पण नुकसान, माझं पण.

मक्याच्या_रानात

दोन दिवसांनी लिहितोय. बाबांशी परत बोललो, या वेळी शांतपणे. हा धागा वाचून दाखवला, माळरानताईंचा प्रतिसाद ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बी-खताचं निम्मं मी भरलं, मग निम्मं माझं बरोबर. पण निम्मं त्याचं, हेही बरोबर." काल संध्याकाळी त्याला घरी बोलावून ५,००० दिले. आईनं फोनवर सांगितलं, तो आधी घेईना. त्याला वाटलं रान काढून घेणार म्हणून हिशेब मिटवतायत. आईनं चहा ठेवला, खाली बसवलं, मग घेतले.

उठताना त्यानं एकच विचारलं: पुढच्या खरिपाला लिहून द्याल का? बाबा म्हणाले, पोराला विचारतो.

मला द्यायचंय. बाबा अजून कचरतायत, आणि फेरफार यांनी सांगितलेली भीती त्यांच्या आवाजात मला स्पष्ट ऐकू आली, आमच्या आजोबांची चार एकर तशीच गेली होती. मे महिन्यात गावी येतोय, तेव्हा तिघं समोरासमोर बसू. फेरफार साहेब, करार किती मुदतीचा करावा आणि त्यात काय काय लिहावं, एवढं सांगाल का?

फेरफार

एका हंगामाचा करा, दरवर्षी नवा. गट नंबर, क्षेत्र, पीक, खर्चाचा वाटा, मालाचा वाटा, आणि त्याखाली वेगळं वाक्य: सरकारी मदत किंवा विमा आला तर तो याच हिश्शानं. तालुक्याच्या वकिलाला एकदा दाखवा. साक्षीदार दोन, गावातलेच, आणि त्यातला एक त्याच्या बाजूचा असू द्या. प्रत त्याच्याकडेही द्या.